काकूंच्या पिशव्यांमधलं अर्धवट काम: पुरं करावं की तसंच ठेवावं?

सुईदोरा

नमस्कार मंडळी,

आम्हाला विणकाम शिकवणाऱ्या काकू गेल्या महिन्यात गेल्या. वय झालं होतं, आजारपण फार लांबलं नाही. दर शनिवारी दुपारी त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायच्या आणि जो येईल त्याला शिकवायच्या. क्रोशा, दोन सुयांवरचं विणकाम, भरतकाम, नाहीतर साधं काजं-बटण. पैसे कधीच घेतले नाहीत. नवीन आलेल्यांसाठी लोकरही बहुतेक वेळा त्याच आणायच्या, म्हणायच्या, "आधी हात बसू दे, मग विकत घे."

त्यांची शिकवायची एक रीत होती. टाका चुकला म्हणून कुणी सुया पुढे केल्या तर त्या घ्यायच्याच नाहीत. स्वतःच्या सुयांवर तोच टाका सावकाश घालून दाखवायच्या, उसवायच्या, परत घालायच्या. तुमचं काम तुमच्याच हातात राहायचं. सुरुवातीला याचा राग यायचा, कारण त्यांनी हात लावला असता तर अर्ध्या मिनिटात सुटलं असतं. पण आमच्या गटातल्या सगळ्यांना आज स्वतःची चूक स्वतः शोधता येते.

आता मूळ मुद्दा. त्यांच्या लेकीने तीन मोठ्या पिशव्या आमच्याकडे आणून दिल्या आणि म्हणाली, "याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मला उघडवत नाही." पिशव्यांमध्ये हे निघालं: वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठीच्या टोप्या, बऱ्याचशा झालेल्या, काहींची टोकं आत ओवायची राहिलेली. एक निळा स्वेटर, पाठ, पुढचे भाग आणि एक बाही तयार, दुसरी बाही कोपरापर्यंत. क्रोशाच्या मेजपोशाची फुलं, सगळी सुटी. एक भरतकामाचा कपडा, नक्षी छापलेली, जेमतेम अर्धी भरलेली, सुई तशीच टोचलेली. आणि दोन्ही बाजूंनी उघडी अशी एक जाड विणलेली नळी, तिच्यावर बटणं शिवायला सुरुवात केलेली.

गटात दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, सगळं पुरं करून ज्याचं त्याला पोचवावं. काहींना वाटतं की त्यांच्या हातचं शेवटचं काम आहे, दुसऱ्याचा हात लागू नये. मला पहिलं पटतंय, पण स्वेटरची ती अर्धी बाही हातात घेतली की धीर होत नाही. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली आहे का? काय केलंत?

शांत_वाचक

काकूंना विनम्र श्रद्धांजली. असं निरपेक्ष शिकवणारी माणसं विरळा.

रिकामी_रीळ

माझं मत स्पष्ट आहे, तसंच ठेवा. माझ्या आईचं अर्धं भरलेलं भरतकाम मी चौकट करून भिंतीवर लावलंय. कडेला मोर पूर्ण, मधला फक्त पेन्सिलीच्या रेघांत. येणारे-जाणारे विचारतात, "हे राहिलंय का?" हो, राहिलंय. आईचा हात कुठे थांबला ते मला दिसतं आणि मला ते दिसायला हवं आहे. कुणी मधला मोर भरून दिला असता तर ती जागा मला परत सापडली नसती.

एक मात्र लगेच करा. त्या कपड्यातली सुई काढा. पोलादी सुई दमट हवेत गंजते आणि कापडावर पडलेला गंजाचा डाग सहजी निघत नाही. मी काढून चौकटीच्या मागे कागदात गुंडाळून ठेवली आहे.

गणिती

सुईदोरा, भावना बाजूला ठेवून नाही, पण तांत्रिक बाजू सांगतो, कारण निर्णय काहीही झाला तरी हे आत्ताच करावं लागेल.

१) स्वेटरची बाही सुयांवर असेल तर टाके जाड सुती दोऱ्यात ओवून सुया काढून घ्या. एकाच ओळीवर महिनोन् महिने सुई राहिली की तिथे आडवी खूण पडते.

२) खरी लोकर असेल तर कसर लागण्याआधी हवाबंद पिशवीत भरून ठेवा. शंका असेल तर पिशवीसकट काही दिवस फ्रीजरमध्ये.

३) उरलेले गुंडे शोधा आणि त्यांच्यावरच्या कागदी पट्ट्या टाकू नका. पट्टीवर रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एकत्र रंगवलेल्या खेपेचा, नंबर असतो. त्याच रंगाची लोकर दुसऱ्या घाण्यातली आणली तर गुंड्यात सारखी दिसते, विणल्यावर पट्टा दिसतो.

स्वेटर कुणाचा हे काही कळलं का?

सुईदोरा

रिकामी_रीळ, सुई आजच काढली. बारीक तांबूस ठिपका पडायला लागलाच होता. मनापासून आभार.

गणिती, टाकेही दोऱ्यात घेतले. निळे दोन गुंडे आहेत, पट्टी एकावरच आहे. स्वेटर कुणासाठी होता ते लेकीलाही माहीत नाही. घरात त्या मापाचं कुणी नाही. पाठ सपाट ठेवून मोजली तर रुंदी ४६ सेंमी.

गणिती

म्हणजे पूर्ण घेर ९२. अंगाला सैल राहायला ५ ते १० सेंमी सोडतात. तेव्हा छाती साधारण ८२ ते ८७. बारीक बांध्याचा मोठा माणूस किंवा वयात आलेलं मूल.

पाऊसवेडा

गणितींना पुढच्या वेळी पंचनाम्यालाच बोलवू. 🙂

गमतीचा भाग सोडा. मी अशाच एका मावशींकडे शिकलो. हाताचं हाड मोडलं होतं, प्लास्टर निघाल्यावर बोटं आखडली होती. व्यायामाचा चेंडू दाबायचा मला भयंकर कंटाळा. मावशी शेजारच्या इमारतीत राहायच्या. त्यांनी जाड सुया आणि जाड लोकर हातात दिली आणि फक्त सुलट टाका शिकवला. एवढंच, जा-ये, जा-ये. पट्टी वाकडीतिकडी झाली, मध्येच टाके वाढले, कमी झाले. मावशींनी ती पट्टी उसवू दिली नाही. म्हणाल्या, खालची ओळ बघ आणि वरची बघ. खाली टाके इतके घट्ट की सुई शिरत नव्हती, वर मोकळे झाले होते. माझा हात कसा सुटत गेला ते त्या पट्टीवर दिसत होतं.

पुरुष असून विणतोस का, हे मला कुठल्याही वर्गात कुणी ना कुणी विचारलंय. त्यांनी विचारलं नाही.

साखळी_टाका

पाऊसवेडा, प्रतिसाद फार आवडला. आणि विचारणाऱ्यांना सांगा, युरोपात मध्ययुगानंतर सुयांवर विणणाऱ्यांचे संघ होते आणि ते पुरुषांचे होते. उमेदवारी करून, परीक्षेचं काम विणून दाखवल्याशिवाय उस्ताद होता येत नसे.

डावखुरी

सुईदोराने दुवा पाठवला म्हणून आले. मी याच काकूंकडे शिकले, तिच्या आधीच्या तुकडीत. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

मी डावखुरी. लहानपणापासून जिने-तिने क्रोशा शिकवायचा प्रयत्न केला तिने शेवटी "तुला जमणार नाही" म्हणून सोडून दिलं. सगळ्या जणी शेजारी बसून शिकवायच्या, आणि मी त्यांचं बघून उजव्या हाताने करायला जायचे. काकूंनी पहिल्या दिवशी माझ्या हातात सुई दिली आणि मी ती कुठल्या हाताने घेते एवढं बघितलं. मग खुर्ची उचलली आणि माझ्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली. म्हणाल्या, "आता मी आरसा. मी करते तसंच दिसायला हवं." त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर. साखळी, मुका खांब, खांब, सगळे टाके त्याच दुपारी आले. मला रडू फुटलं आणि त्या म्हणाल्या, "दोरा ओला करू नकोस, सरकत नाही."

नंतर कळलं की त्यांनी त्यासाठी आधीचा आठवडाभर घरी डाव्या हाताने विणून बघितलं होतं. मी डावखुरी आहे हे त्यांना कुणीतरी आधी सांगितलं होतं. का ते मी विचारलं, तर म्हणाल्या की तुझी बोटं कुठे अडतील ते मला आधी कळायला नको का?

मूळ प्रश्नावर: काकूंनी कधीच कुणाच्या कामाला हात लावला नाही, हे खरं आहे. म्हणून मला रिकामी_रीळ यांचं म्हणणं पटायला हवं. पण पटत नाही. त्या शिकणारीच्या कामाला हात लावत नसत, कारण शिकणारी अजून शिकत होती. टोप्या मात्र त्या आमच्यात वाटून द्यायच्या. काठ एकीने, कळस दुसरीने. टोपी कुणाची हे त्यांनी कधी विचारलं नाही.

सुईदोरा

अगं, खुर्चीची गोष्ट मला माहीतच नव्हती! आणि टोप्यांचं अगदी खरं. हे मी कशी विसरले.

रात्रपाळी

मी नवजात अतिदक्षता विभागात काम करते. टोप्यांबद्दल थोडं सांगते, कारण प्रेमाने आलेल्या टोप्यांपैकी कितीतरी आम्हाला वापरता येत नाहीत आणि परत करताना जीव तुटतो.

वेळेआधी आलेल्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते. उष्णता भराभर जाते. त्यामुळे टोपी ही तिथे शोभेची वस्तू नाही. पण माप बरोबर हवं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंमीच्या आसपास असतो, अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळाचा साधारण २५-२६. लोक नवजात म्हणून एकाच मापाच्या आणतात आणि त्या आमच्या बाळांच्या नाकापर्यंत येतात. विणलेला काठ ताणला जातो, म्हणून टोपी घेरापेक्षा थोडी कमीच विणायची.

गोंडा, बटण, रिबन, मणी काहीही नको. जाळीची वीण नको, इवलीशी बोटं अडकतात. आतलं टोक नीट ओवलेलं हवं, लोंबता दोरा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त थांबतं. मऊ सुती किंवा बाळांसाठीचा मऊ धागा, गरम पाण्यात धुता येईल असा. केसाळ, फुगीर लोकर अजिबात नको. आणि विणायच्या आधी विभागात विचारा, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात.

सुईदोरा, काकूंच्या टोप्या या मापात आहेत का?

सुईदोरा

रात्रपाळी, आत्ता पट्टी घेऊन बसले होते. तीन मापं आहेत आणि प्रत्येक मापाचा गठ्ठा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधलाय. सगळ्यात छोट्या गठ्ठ्यातली टोपी मोठ्या संत्र्यावरही जेमतेम बसेल. गोंडा एकालाही नाही. टोकं आत तीनदा दिशा बदलून ओवली आहेत, ओढून बघितलं, हलत नाहीत.

रात्रपाळी

म्हणजे त्यांनी विचारून विणल्या आहेत. दिशा बदलून ओवणं हे आम्ही सांगतो तसंच आहे. या टोप्या एक दिवसही पडून राहू देऊ नका, एवढीच विनंती.

आभाळभर

रात्रपाळी, या बाळांना ते क्रोशाचे ऑक्टोपस देतात ते खरंच उपयोगी असतात का? मी एक बनवायला घेतला होता.

रात्रपाळी

२०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये ही कल्पना सुरू झाली. बाळ त्याच्या भुजा पकडतं, अंगाला लावलेल्या नळ्या ओढत नाही, भुजा नाळेसारख्या वाटतात, असं सांगितलं जातं. अनुभव चांगले सांगणारे पुष्कळ आहेत, ठोस पुरावा मात्र तोकडा आहे, आणि कितीतरी विभाग पाळण्यात मऊ खेळणं ठेवूच देत नाहीत. बनवायचाच असेल तर शंभर टक्के सुती धागा, ६० अंशांवर धुता येणारा, भुजा ताणून २२ सेंमीपेक्षा लांब नको, आणि वीण इतकी घट्ट की आतला कापूस दिसू नये. पण आधी विचारा. टोपी हवीच असते, ऑक्टोपस कदाचित.

बिनधास्त

थोडं विरोधी बोलतो, रागावू नका. काकूंबद्दल आदर आहेच. पण फुकट शिकवणं, फुकट विणून देणं याचं आपण इतकं कौतुक करतो की हाताच्या कामाला किंमत असते हेच लोक विसरतात. माझी बहीण क्रोशाची कामं विकून घर चालवते. गिऱ्हाईक तिला म्हणतं, "आमच्याकडे एक बाई हे असंच करून देतात." तिथे कलाकाराच्या पोटावर पाय येतो. बाईने कष्ट केले की ती सेवा, पुरुषाने केले की तो धंदा, हा हिशोब मला नेहमी खटकतो.

साखळी_टाका

बिनधास्त, मुद्दा महत्त्वाचा आहे आणि अवांतर मुळीच नाही. स्वेटर यंत्रावर विणता येतो, पण खरा क्रोशा विणणारं यंत्र अजून नाही. यंत्राने दिसायला तसं कापड निघतं, टाका तो नसतो. म्हणजे दुकानात क्रोशाची म्हणून जी खरी वस्तू दिसते ती कुठल्या तरी माणसाने आकड्यावर एकेक खांब घालून केलेली असते. ती फार स्वस्त असेल तर त्या माणसाला काय मिळालं असेल याचा विचार करा. तुमच्या बहिणीचा राग रास्त आहे.

पण यात शिकवणारी काकू दोषी कशी? जिने स्वतः एक फूल घातलं आहे तिला मेजपोशाला किती तास लागतात ते कळतं. ती घासाघीस करत नाही. मी तरी करत नाही, शिकल्यापासून.

डावखुरी

काकू विकणाऱ्यांना कधीच फुकट करून द्यायच्या नाहीत. एकदा एक जण आली, कार्यक्रमासाठी पन्नास फुलं हवी होती, "तुमच्या मुली करतील ना." काकूंनी तिला आमच्याच गटातल्या एकीकडे पाठवलं, जी विकायची, आणि भाव तिनेच ठरवावा असं सांगितलं. फुकट होतं ते शिकणं, आणि ज्यांना विकत घेणं शक्यच नाही त्यांच्यासाठीचं काम. ही रेघ त्यांनी कधी पुसू दिली नाही.

बिनधास्त

हे माहीत नव्हतं. मग काकूंच्या बाबतीत माझा आक्षेप मागे. बाकी सगळीकडे कायम. 🙂

दूर_देशी

उशिरा आले, सगळे प्रतिसाद वाचले. दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

अमेरिकेत २०२२ मध्ये दोन मैत्रिणींनी नेमक्या याच प्रश्नावर काम सुरू केलं, 'लूज एंड्स' नावाने. माणूस गेलं किंवा आजारपणामुळे हात चालेनासे झाले की त्यांचं अर्धवट विणकाम, भरतकाम घरचे लोक कळवतात, आणि ते काम येणारी जवळपासची स्वयंसेवी व्यक्ती ते पुरं करून परत घरच्यांनाच देते. मजुरी घेत नाहीत. आता हे बऱ्याच देशांत पसरलंय. म्हणजे सुईदोरा, जी धाकधूक तुला वाटतेय ती जगभरच्या घरांत कपाटात पडून आहे.

दुसरं, रिकामी_रीळ यांच्या "दुसऱ्याचा हात लागू नये" यावर. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. तेव्हा मठांतल्या जोगिणींनी आणि इतर बायकांनी गरीब घरांतल्या बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली आणि त्या विक्रीवर कितीतरी घरं तगली. त्या लेसची गंमत अशी की फुलं, पानं, वेली सुट्या विणतात आणि मग जाळीने जोडतात. एक घर फक्त गुलाब करायचं, दुसरं फक्त पानं, जोडणारी तिसरीच. अंगावर घातलेल्या एका झग्यात किती हात होते ते सांगता येणार नाही. काकूंचा मेजपोशही सुट्या फुलांचा आहे ना?

तिसरं म्हणजे एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत शिवलेली रजई. १९८७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा मैदानावर पसरली तेव्हा १९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, जिवलगांनी आपल्या हाताने शिवलेला. त्यातल्या कित्येकांनी त्याआधी हातात सुई धरली नव्हती.

पाऊसवेडा

तीन बाय सहा. म्हणजे माणूस निजतो तेवढा.

दूर_देशी

हो. मुद्दामच तेवढं माप घेतलं होतं.

आभाळभर

त्या जाड विणलेल्या नळीबद्दल कुणी बोललंच नाही. बटणं लावलेली, दोन्हीकडून उघडी. ती ट्विडल मफ असणार. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठी विणतात. दोन्ही हात आत घालायचे, आतून-बाहेरून बटणं, फिती, चेन, वेगवेगळ्या पोताचे तुकडे घट्ट शिवलेले, बोटांना चाळा मिळतो.

माझ्या बाबांना होती अशी. शेवटच्या वर्षात ते दिवसभर चादरीचा काठ उसकत बसायचे, नखांपाशी सालं निघायची. ती नळी दिल्यावर डाव्या हाताने एक मोठं लाकडी बटण धरून बसायचे. चार भोकांचं. अंगठा भोकांवरून फिरवायचे, एक, दोन, तीन, चार, आणि परत पहिल्यापासून. आमची नावं आठवत नव्हती, पण ते बटण त्यांना न बघता सापडायचं.

कुणी बनवून दिली ते आम्हाला माहीत नाही. केंद्रात एका खोक्यात ठेवलेल्या होत्या, "हवी ती घ्या" एवढीच चिठ्ठी. सुईदोरा, ती नळी कृपा करून पुरी करा. कुणीतरी तिची वाट बघत असेल आणि त्याला ते सांगता येत नसेल.

सुईदोरा

आभाळभर, काय बोलू. आज संध्याकाळी बसतेय. बटणं दुहेरी दोऱ्याने लावू ना?

आभाळभर

हो, जाड दुहेरी, आणि मागच्या बाजूने छोटं बटण टेकू म्हणून. ही माणसं पूर्ण ताकदीने ओढतात. टोकदार काही नको, आणि सुटून तोंडात जाईल असं काही नको.

रिकामी_रीळ

सगळं वाचलं. टोप्या आणि ती नळी याबद्दल माझं काही म्हणणं उरलेलं नाही, ती कुणाची तरी गरज आहे. मेजपोशाचंही दूर_देशी यांनी सांगितल्यावर पटलं.

भरतकामाबद्दल मात्र मी हटणार नाही. तो कपडा कुणाला पोचवायचा नव्हता, निदान तसं दिसत नाही. तो लेकीला द्या. आज तिला पिशवी उघडवत नाही. माझ्याही आईची पेटी दोन वर्षं बंद होती. ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी आत काहीतरी जसंच्या तसं असायला हवं. सगळंच पुरं झालेलं निघालं तर फार परकं वाटेल हो.

डावखुरी

ताई, हे मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर.

साखळी_टाका

+१. भरतकाम लेकीकडे.

सुईदोरा

काल गटाची बैठक झाली, इथले प्रतिसाद वाचून दाखवले. लेकीशीही फोनवर बोलले. टोप्यांची राहिलेली टोकं तिथेच बसून सगळ्यांनी ओवली, मंगळवारी विभागात पोचतील, आधी विचारून घेतलंय. भरतकाम जसंच्या तसं लेकीकडे, मऊ सुती कपड्यात गुंडाळून, घडी न घालता नळकांड्यावर लपेटून. सुई वेगळी. रिकामी_रीळताई, तुमचं "परकं वाटेल" तिला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, हो, तेच मला सांगता येत नव्हतं.

मेजपोशाला अजून फुलं लागतील. ज्यांना येतात त्या करतील.

डावखुरी

मी करणार! पण एक सांगून ठेवते. डाव्या हाताने गोल विणताना वीण उलट्या दिशेने फिरते, टाक्यांचा कल उलटा येतो. माझी फुलं काकूंच्या फुलांशेजारी ठेवली की जाणकाराला ओळखू येतील. चालेल का?

सुईदोरा

चालेल काय, हवीच आहेत. काकूंनीच तर शिकवली तशी.

राहिला स्वेटर. लेक म्हणाली पुरा करा आणि ज्याला बसेल त्याला द्या. बाही मी विणायची असं गटाने सांगितलंय. माझा हात काकूंपेक्षा सैल आहे, हे मला माहीत आहे. एकाच बाहीत कोपराच्या खाली एक वीण आणि वर दुसरी दिसेल. अर्धी बाही उसवून पूर्ण माझ्या हाताने विणू म्हणजे ती तरी एकसारखी होईल? की त्यांची ठेवून पुढे जाऊ?

बिनधास्त

उसवू नका.

रिकामी_रीळ

अजिबात उसवू नकोस गं.

गणिती

उसवायची गरजच नाही. आधी तयार बाहीवर सपाट जागी १० सेंमीत किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोज. काठापाशी मोजू नकोस, तिथे वीण आवळलेली असते. मग उरलेल्या लोकरीचा, पट्टी नसलेल्या गुंड्यातला, छोटा चौकोन वीण, किमान १५ सेंमी रुंद, आणि धुऊन वाळवून मोज. तुझे टाके १० सेंमीत कमी भरले तर अर्धा मिलिमीटर बारीक सुई घे. परत चौकोन. जुळेपर्यंत. सुई कितीची होती याला महत्त्व नाही, वीण जुळली पाहिजे. वाढवलेले टाके कुठल्या ओळींना आहेत ते तयार बाहीवरून मोजून कागदावर उतरवून घे. शेवटी पूर्ण स्वेटर ओला करून मापात ताणून वाळवला की उरलासुरला फरक बराच बसतो.

सुईदोरा

मोजलं. काकूंचे १० सेंमीत २२ टाके, ३० ओळी. माझा पहिला चौकोन २० टाक्यांचा आला. म्हणजे सुई बारीक घ्यायची. एक शंका, बाही मनगटाकडून वर विणली आहे की खांद्याकडून खाली? दोन्ही टोकं सारखीच दिसतात मला, आणि वाढवलेले टाके की कमी केलेले ते त्यावरून ठरणार ना?

गणिती

सुलट बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो. व्हीचं टोक ज्या दिशेला, तिकडून सुरुवात. उजेडात धरून बघ.

सुईदोरा

टोक मनगटाकडे. म्हणजे खालून वर, आणि टाके वाढवत जायचे. दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक वाढवलेला दिसतोय. शेवटची वाढ होऊन चार ओळी झाल्यात.

गणिती

मग एक ओळ साधी, आणि त्याच्या पुढच्या ओळीला वाढव.